कोकणातली अबोली पुण्यात पिवळी का पडते?

प्रश्न: सासूबाईंनी रत्नागिरीहून अबोलीची रोपं दिली होती. पहिल्या वर्षी छान फुलली, आता पानं पिवळी पडलीत आणि फुलंही कमी झालीत. शेणखत दिलं, युरिया दिला. बागेला बोअरचं पाणी आहे. झाडं काढून टाकू का? आणि बी कसं धरायचं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: ताई, काढू नका! आधी कोणती पानं पिवळी आहेत ते बघा. खालची जुनी असतील तर नत्र कमी पडतंय. पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाही. युरियातून नत्रच मिळतं, तो देऊनही फरक पडला नाही, म्हणून मला हीच शंका जास्त वाटते. कोकणची जांभ्याची माती आम्लधर्मी, तिथे मुळांना लोह सहज मिळतं. आपल्याकडे काळ्या मातीत चुनखडी, त्यात बोअरचं जड पाणी. लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. युरिया आता बंदच करा.

एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, यातून लोह मिळतं) आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून ताजं द्रावण संध्याकाळी पानांवर फवारा. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा. जुनी पानं फारशी सुधारणार नाहीत, नवी पालवी हिरवी येते का ते पाहा. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी पिंपात साठवून अबोलीला घाला, या झाडाला ते फार मानवतं.

एवढं करूनही एखादं झाड दुपारी मलूल होत असेल, तर ते उपटून मुळं पाहा. गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अगदी बारीक जंत. ते झाड मुळासकट टाका, जागेवर निंबोळी पेंड मिसळा आणि एक हंगाम झेंडू लावा.

फुलं संपलेले तुरे खुडत राहा, नवे लवकर येतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बहर मंदावतो, त्याची काळजी नको.

बियांसाठी मात्र दोन-चार तुरे झाडावरच वाळू द्या. वाळलेल्या बोंडाला पाणी लागलं की ते तडकतं आणि बी लांब उडतं, म्हणून पावसाआधी तुरे काढून कागदी पिशवीत ठेवा. नर्सरीतून ‘दिल्ली’ नावाच्या जातीची अबोली आणलीत तर तिला बी धरत नाही, तिच्या फांद्याच लावाव्या लागतात.