पंचावन्नीनंतर महिन्याला किती अर्ज?

"माझ्या मुलापेक्षा लहान पोरगा विचारतो, काका, या महिन्यात किती अर्ज केलेत?" हे सांगताना ते सारखं फोनवरचं अॅप उघडून बघत होते. वय अठ्ठावन्न. ऑस्ट्रेलियात अनेक वर्षं एका गोदामाचा हिशेब सांभाळला, मग गोदामच बंद झालं. काही महिन्यांपासून जॉबसीकर या सरकारी बेकारी भत्त्यावर.

भत्ता टिकवायचा तर साधारणपणे महिन्याला १०० गुण जमवावे लागतात आणि एका अर्जाचे ५ मिळतात. म्हणून हे रात्री जागून दिसेल तिथे अर्ज टाकायचे. फोर्कलिफ्ट चालवता येत नाही, तरी त्यालाही! बहुतेक ठिकाणांहून उत्तरच येत नसे. त्यावरून 'आपली आता कुणाला गरज नाही' हे त्यांनी पक्कं करून टाकलं होतं. अहो, असे अर्ज केले तर तिशीतल्या माणसालाही कुणी बोलावणार नाही.

त्यांना धीर देण्याआधी मी नियम काढून दाखवला. पंचावन्न पूर्ण झालेल्यांना अर्जांऐवजी पंधरवड्याला ३० तास काम दाखवता येतं. पगारी, मान्यताप्राप्त संस्थेतलं स्वयंसेवी किंवा दोन्ही मिळून. फक्त ५५ ते ५९ वयाच्यांना भत्त्याच्या पहिल्या १२ महिन्यांत त्यातले निदान १५ तास पगारी लागतात. साठीनंतर ही अट नाही. नोकरी शोधायला मदत करणाऱ्या एजन्सीच्या भेटी मात्र चुकवायच्या नाहीत आणि झेपेल अशी नोकरी आली तर नाकारायची नाही.

"हे मला कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले. असं मी बऱ्याचदा ऐकते. विचारल्याशिवाय सांगत नाहीत, म्हणून विचारायचं, आणि उत्तर लेखी घ्यायचं.

पगारी तास कुठून आणायचे? शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देण्याचं काम त्यांच्या भागात निघालं होतं. सकाळ-दुपार एकेक तास. "हातात पाटी घेऊन रस्त्यात उभा राहू? ओळखीचे बघतील." यावर आमच्या दोन बैठका गेल्या. नियम पाच मिनिटांत समजला होता, अडलं होतं ते इथेच. शेवटी काकूंनीच विषय संपवला: "रात्रभर जागून कुढता, ते मी रोज बघतेच की."

आता पंधरवड्याचे २० तास शाळेपाशी, १० तास एका धर्मादाय दुकानात हिशेबाला. दर पंधरवड्याला मिळकत सेंटरलिंकला, म्हणजे भत्ता देणाऱ्या सरकारी कार्यालयाला, कळवावी लागते, त्याची वही ते स्वतः ठेवतात. अर्ज अजूनही करतात, पण हिशेबनिसाच्याच जागांसाठी. परवा एका ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "शाळेची वेळ सांभाळून जमेल ना?"