वाचकांचे प्रश्न : डोळे धूसर, मिशा स्पष्ट

प्रश्न : गंगावेशीतील आमच्या जुन्या घराच्या सोप्यात, फेटा बांधून बसलेल्या आजोबांचे फोटो मी याशिका इलेक्ट्रो ३५ कॅमेऱ्याने काढले. फिल्म ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता), भिंगाचे छिद्र एफ १.७. मिशा स्पष्ट आल्या, डोळे मात्र धूसर. कॅमेरा बिघडला असेल का?

उत्तर : कॅमेऱ्यावर संशय घेण्यापूर्वी अंतराचा विचार करावा. एक मीटरवरून एफ १.७ वर जेमतेम 5 सेंटिमीटर खोली स्पष्ट येते, त्यामुळे फोकस साधल्यावर आजोबा किंचित मागे रेलले तरी डोळे त्या पट्ट्याबाहेर जातात. छिद्र लहान करून एफ ४ ठेवल्यास हीच खोली सुमारे 12 सेंटिमीटर होते. रेंजफाइंडरमधील, म्हणजे फोकस जुळवण्याच्या खिडकीतील, दोन प्रतिमा कॅमेऱ्याजवळच्या डोळ्याच्या कडेवर जुळवाव्यात आणि लगेच बटण दाबावे. शिवाय 80 सेंटिमीटरच्या आत हे भिंग फोकसच होत नाही, हे उत्साहाच्या भरात विसरले जाते.

प्रकाशासाठी आजोबांना सोप्याच्या कडेला, चौकाकडे तिरके तोंड करून बसवावे. दुपारचे थेट ऊन नको. कॅमेऱ्यातील पिवळा दिवा लागला, म्हणजे शटर १/३० सेकंदापेक्षा मंद झाले; तेव्हा छिद्र मोठे करावे (एफचा आकडा कमी) किंवा कॅमेरा तिवईवर ठेवावा. पाठीमागे उजेडाचे दार असल्यास कॅमेऱ्यातील प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि चेहरा काळवंडतो. अशा वेळी आयएसओची चकती २०० वर फिरवावी, म्हणजे एक स्टॉप प्रकाश अधिक, म्हणजे दुप्पट, मिळतो. नंतर ती पुन्हा ४०० वर आणायला मात्र विसरू नये. आम्ही स्वतः एक अख्खा रोल असाच घालवला आहे.