‘त्या सरांना काढताच येत नाही’

एक शिक्षक शिकवत नाही, पण नोकरी कायम, कायदा त्याच्या बाजूने, आणि झोप मात्र आमची उडालेली. मी समुपदेशक; सांगली-मिरजेकडचे मुख्याध्यापक माझ्याकडे येतात ते बहुतेक हीच तक्रार घेऊन. त्यातलीच ही एक हकिगत, ओळख पटणार नाही इतपत बदललेली.

तासगाव भागातल्या एका अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापिका. दिवाळीची सुट्टी संपली तरी दहावी ‘ब’च्या भूमितीत सर पायथागोरसवरच, वर्तुळाला हात लागलेला नव्हता. पालकांचे फोन सुरू, संस्थेच्या सचिवांचं “बघा जरा” सुरू. सरांच्या तासाची घंटा झाली की मॅडमच्या पोटात गोळा यायचा.

पहिल्या दोन भेटी सरांना नावं ठेवण्यातच गेल्या. जाऊ दिल्या. तिसऱ्या भेटीत विचारलं, “हे त्यांना लिहून किती वेळा दिलंत?”

“स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर बोलले की दोनदा!”

“लॉगबुकात? तास पाहून शेरा लिहिता त्या वहीत?”

“‘पाठ-टाचण पाहिले’, आणि सही. एवढंच.”

“आणि दरवर्षीच्या गोपनीय अहवालात?”

त्या बराच वेळ हातातली किल्ली फिरवत राहिल्या. “‘चांगले’. सहा वर्षं ‘चांगले’च लिहिलंय, ताई. एका वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न होतं, एका वर्षी आजारपण. म्हटलं, कशाला कटुता?”

सहा वर्षांची अडचण त्या एका शब्दात होती. ‘काढता येत नाही’ या वाक्याच्या पोटात ‘तोंडावर सांगता येत नाही’ हे दुसरं वाक्य दडलेलं असतं. पहिलं कायद्याचं म्हणून आपण हात वर करतो. दुसरं आपलं असतं. भावना बदलायची तर तिच्यामागचं वाक्य आधी तपासावं, या माझ्या जुन्या हट्टाला त्या दिवशी यश आलं, हे मान्य करते.

आता कायद्याचं. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७चा अधिनियम आणि १९८१ची नियमावली आहे. तिच्यात अकार्यक्षमता हे कारवाईचं कारण आहेच: आवाक्याबाहेरचं कारण नसताना ठरल्या वेळेत अभ्यासक्रम पूर्ण न करणं, किंवा वारंवार सूचना आणि सोयी देऊनही ज्ञान अद्ययावत न ठेवणं. ‘सूचना आणि सोयी देऊनही’ हे शब्द मी मॅडमना दोनदा वाचायला लावले. म्हणजे आधी मदत केल्याचा पुरावा हवा. पुढे चौकशी समिती तिघांची: एक संस्थेचा, एक त्या शिक्षकाने निवडलेला, एक पुरस्कारप्राप्त शिक्षक. बडतर्फ झालेला शिक्षक ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करू शकतो. तिथे सहा वेळा लिहिलेलं ‘चांगले’ हेच सरांचे सर्वांत भक्कम साक्षीदार ठरतात. (चौकशीच्या पायरीवर मात्र वकील गाठा, समुपदेशक नव्हे.)

लॉगबुकातली नोंद कशी लिहायची, यावर आम्ही दोन भेटी घालवल्या. विशेषणं नकोत. ‘शिकवणे नीरस’ या शेऱ्याने भांडण होतं. ‘तिसरा तास. सरांनी फळ्यावर दोन उदाहरणे सोडवली, मुलांना एकही सोडवायला दिले नाही’ यावर बोलता येतं. त्याखाली एकच सूचना, दोनही नकोत. मग मदत काय देणार ते, पुन्हा तास पाहण्याची तारीख, सरांची सही आणि त्यांना प्रत. सही नाकारली तर तसं नोंदवून प्रत पोस्टाने. आणि हे सगळं मुख्याध्यापकांच्या खोलीत, दार लावून. चारचौघांत पाणउतारा झाला की माणूस फक्त बचाव शिकतो.

पहिली नोंद दाखवताना मॅडमचे हात कापत होते. सर चिडले, आठवडाभर बोलले नाहीत. दुसऱ्या नोंदीच्या वेळी म्हणाले, पुस्तक बदलल्यापासून रायडर, म्हणजे प्रमेयांवरची सिद्धतेची उदाहरणं, मुलांपुढे सोडवायची भीती वाटते. पुस्तक बदललं २०१८ला! शेजारच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंचे चार तास त्यांनी मागे बसून पाहिले. सर काही फार मोठे शिक्षक झाले नाहीत. पण फेब्रुवारीत वर्तुळ संपलं, महत्त्वमापन सुरू झालं.

शेवटच्या भेटीत मॅडम उठता उठता म्हणाल्या, “आमच्याकडे एक शिक्षणसेवक आहे. वर्गच आवरत नाही त्याला.”

“कायम होण्याआधीची तीन वर्षं कधी पूर्ण होतात?”

“जूनमध्ये.”

“लॉगबुकात नोंदी किती?”

त्या पुन्हा खुर्चीत बसल्या.