बाहुला, एक गोळी आणि ३३३ अळ्या

तुझा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू बडोद्याचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हाफ-लाइफ २ ही कॉम्प्युटर गेम आणि तिचे दोन्ही एपिसोड्स (पुढचे भाग) खेळून झालेत, पण मोजक्या अचीव्हमेंट्स (ठरावीक कामगिरीबद्दल खेळ देतो ती पदकं) उरल्यात आणि त्या हलायला तयार नाहीत. एपिसोड टूमधला बाहुला हेलिकॉप्टरच्या पाठलागात तीनदा हरवला. आता तू विचारतोस, की गाईड समोर उघडं ठेवून एकेक उरकावी की सगळं पहिल्यापासून खेळावं? आणि इतका वेळ घालवण्यासारखं त्यात काही आहे का?

आहे. मी इंदूरला राहतो, लोकमान्य नगरात. या तिन्ही भागांतल्या सगळ्या अचीव्हमेंट्स मी दोनदा मिळवल्यात, एकदा २०१० नंतरच्या काळात आणि दुसऱ्यांदा अलीकडे भाच्याला शेजारी बसवून. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. हा बंदुकीचा खेळ आहे, पण त्यातल्या सर्वांत चांगल्या अचीव्हमेंट्स बंदूक न चालवण्याच्या आहेत. रेवनहोम हे झोंबींनी भरलेलं गाव फक्त ग्रॅव्हिटी गनवर, म्हणजे वस्तू ओढून फेकणाऱ्या यंत्रावर, पार करा. किनाऱ्यावरच्या वाळूला पाय लावू नका. अख्ख्या एपिसोड वनमध्ये एकच गोळी झाडा. एक बाहुला सांभाळून शेवटपर्यंत न्या. हात आवरायला लावणाऱ्या आहेत या सगळ्या. तू अडकलायस तो नेमबाजी कमी पडली म्हणून नाही. तुझ्या मेसेजवरून दिसतं की तू प्रत्येक ठिकाणी घाई करतोस. पाठलाग सुरू झाला की गाडी दामटतोस आणि मग बाहुला कुठे पडला ते शोधत बसतोस.

आता गाईडबद्दल. पहिला खेळ गाईडशिवायच व्हायला हवा, तो तुझा झाला आहे. दुसऱ्या फेरीत मात्र गाईड उघडायला काही हरकत नाही, पण एकाच अचीव्हमेंटसाठी, ती म्हणजे लॅम्डाचे साठे. हाफ-लाइफ २ मध्ये ते ४५ आहेत. भिंतीवर, दगडावर, पाइपाच्या तोंडाशी लॅम्डाची (λ या ग्रीक अक्षराची) खूण रंगवलेली असते आणि जवळपास गोळ्या-औषधं लपवलेली असतात. पहिले वीस-पंचवीस स्वतः शोध. त्याने नजर तयार होते, कुठल्या कोपऱ्यात बघायचं ते समजायला लागतं. उरलेल्यांसाठी यादी वापर. कालव्यातल्या भागात लोक एअरबोट सुसाट नेतात आणि तिथलेच साठे हमखास राहतात. तिथे उतर, चाल. त्याच भागात एक आडबाजूची गुहा आहे, तिथे एक व्हॉर्टिगॉन्ट (परग्रहावरचा प्राणी) हेडक्रॅब, म्हणजे डोक्यावर झडप घालणारा खेकड्यासारखा जीव, भाजत गात बसलेला असतो. त्याचीही वेगळी अचीव्हमेंट आहे. मला ती यादीतून नाही, चालता चालता सापडली, आणि तो आनंद अजून लक्षात आहे.

सुरुवातीच्या डब्याच्या प्रसंगावरून तू गोंधळलेला दिसतोस. स्टेशनवरचा शिपाई डबा उचलून कचरापेटीत टाकायला सांगतो. ऐकलं तर एक अचीव्हमेंट, डबा त्याच्याच अंगावर फेकला तर दुसरी. दोन्ही हव्या असतील तर आधी सेव्ह कर, एक घे, लोड कर, दुसरी घे. दोन मिनिटांचं काम आहे. आणि कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चीट चालू करून काही तपासून बघायचं असेल तर ते वेगळ्या वेळी कर. चीट चालू असताना अचीव्हमेंट मिळत नाही. खेळ पूर्ण बंद करून पुन्हा सुरू कर आणि मगच खऱ्या प्रयत्नाला बस.

रेवनहोमचं अवघडपण मनाचं आहे. अंधार असतो, झपाझप छपरांवरून उड्या मारत येणारे झोंबी असतात आणि त्यात ग्रिगोरी, तिथला पाद्री, तुला शॉटगन देतो. ती वापरायचा मोह होतोच. ती हत्यारांच्या यादीत राहू दे, हाताला लागू देऊ नकोस. करवतीची पाती ही तिथली खरी दौलत. एक पातं भिंतीत रुतलं की ते परत ओढून घेता येतं, म्हणून दोन पाती कायम पुढे पुढे नेत राहा. विषारी हेडक्रॅब बाळगणाऱ्या जाड झोंबीसाठी रेडिएटरसारखं जड काहीतरी हवं. ग्रिगोरीसोबत स्मशान पार झालं की बहुतेकांना वाटतं सुटलो, आणि खाणीत उतरल्यावर सवयीनं पिस्तूल काढतात. तिथेच सगळं वाया जातं. खाणीतही तोच नियम पाळ.

वाळूची अचीव्हमेंट मला सगळ्यांत सुंदर वाटते. किनाऱ्यावर वाळूत पाय पडला की अँटलायन, म्हणजे जमिनीखालचे मोठे किडे, वर येतात. मग दगडावरून दगडावर, आणि जिथे दगड नाही तिथे फळी टाकायची, तिच्यावर उभं राहायचं, मागची फळी ग्रॅव्हिटी गननं उचलून पुढे टाकायची. पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाणी साचलं की लहानपणी आम्ही विटा टाकत घरापर्यंत यायचो, तसंच. दर चार-पाच पावलांनी सेव्ह कर, पण एकाच जागी नको. तीन वेगळे सेव्ह आळीपाळीनं वापर. नाहीतर पाय वाळूत पडायच्या क्षणीच क्विकसेव्ह दाबलं जातं आणि मागे जायला वाट उरत नाही.

आता एपिसोड वनमधली एक गोळी. ही अचीव्हमेंट करताना आपल्याला कळतं की अ‍ॅलिक्स, गोष्टीत आपल्यासोबत लढणारी मुलगी, ही नुसती सोबतीण नाही. नियम असा, की पूर्ण एपिसोडमध्ये नेमकी एकच गोळी झाडायची, आणि ती एका कुलपासाठी खर्च होते. ग्रेनेड, पहार, रॉकेट आणि ग्रॅव्हिटी गन चालते. म्हणजे शेवटी स्ट्रायडरशी, त्या तीन पायांच्या अवाढव्य शत्रूशी, गाठ पडते तिथे रॉकेट लाँचर बिनधास्त वापर. मधल्या अंधाऱ्या भागात टॉर्च तुझ्याकडे असतो आणि बंदूक तिच्याकडे. तू ज्याच्यावर उजेड टाकतोस त्याला ती टिपते. पहिल्या खेळात मी टॉर्च स्वतःसाठी वापरत होतो, वाट दिसावी म्हणून. एका गोळीच्या खेळात तो तिच्यासाठी धरायला शिकलो. पार्किंगच्या तळघरात अँटलायन बिळातून येत राहतात, तिथे उभ्या गाड्या ग्रॅव्हिटी गननं ढकलून बिळांवर बसवायच्या. ग्रेनेड हातात घेऊन धावत येणारा झोंबाइन (झोंबी झालेला सैनिक) दिसला तर तो ग्रेनेड ओढून घेऊन त्याच्याकडेच परत पाठव.

यात एक मोठा धोका आहे, तो सांगायलाच हवा. नवं हत्यार उचललं की कधी कधी ते आपोआप हातात येतं. तुला वाटतं ग्रॅव्हिटी गनच आहे, वस्तू फेकायला म्हणून डावं बटण दाबतोस आणि गोळी सुटते. माझा पहिला प्रयत्न असाच गेला, आणि ते मला लक्षात आलं तेव्हा दोन तासांचा खेळ पुढे झाला होता. म्हणून हत्यार उचललं की बटण दाबण्याआधी हाताकडे बघायचं. प्रत्येक चॅप्टरच्या सुरुवातीला एक स्वतंत्र सेव्ह ठेव आणि त्याला शेवटपर्यंत हात लावू नकोस.

एपिसोड टूमधल्या अळ्या मात्र मला फारशा आवडत नाहीत. ३३३ आहेत, सगळ्या चिरडायच्या. गुहांत त्या चमकतात, म्हणून कमी उजेडात बऱ्या दिसतात. छत, खांबांची मागची बाजू आणि पाण्याच्या कडेच्या फटी विसरू नकोस. बस, याहून जास्त काही सांगण्यासारखं त्यात नाही. गुहांतली जाळ्यांची पुडकी फोडायचीही एक अचीव्हमेंट आहे, ती याच फेरीत होऊन जाईल. एक मात्र पक्कं, की अळ्या आणि बाहुला एकाच फेरीत करू नकोस. अळ्यांसाठी तू कोपऱ्या-कोपऱ्यात फिरणार आणि बाहुला कुठेतरी ठेवलेला राहणार.

आता बाहुला, म्हणजे तुझा खरा प्रश्न. १० ऑक्टोबर २००७ ला एपिसोड टू आला, तेव्हापासून लोक हा टोपीवाला मातीचा बाहुला उचलून नेताहेत. रेल्वेच्या अपघातानंतर लागणाऱ्या पहिल्या खोपटात तो असतो, आणि शेवटी व्हाइट फॉरेस्ट या तळावरच्या रॉकेटमध्ये तो ठेवायचा असतो. म्हणजे जवळपास पूर्ण खेळभर. हातात बाहुला असला की हातात हत्यार नसतं, हे त्याचं सगळं मर्म.

मी ठरवलेली पद्धत अशी. पुढचा टप्पा आधी मोकळा करायचा, बाहुला मागे सुरक्षित जागी ठेवून. मग परत यायचं, त्याला उचलायचं आणि मोकळ्या टप्प्याच्या टोकापर्यंत आणायचं. एकदम लांबचा पल्ला घ्यायचा नाही. नकाशा बदलतो त्या ठिकाणी, म्हणजे स्क्रीनवर लोडिंग येतं तिथे, बाहुला तुझ्या हातातच हवा. मागे ठेवलेला तो आपोआप पुढे येत नाही. लिफ्टमध्ये ठेवलास तर मध्यभागी ठेव, कडेला नको.

गाडीत तो सारखा पडतो, कारण गाडी उघडी आहे आणि रस्ता खडबडीत. आपण गणपती घरी आणताना रिक्षावाल्याला काय सांगतो? भाऊ, खड्डा आला की हळू. मूर्ती मांडीवर, एक हात पाठीशी. अगदी तसं चालव. मला जमलेली जागा म्हणजे सीटच्या मागच्या खाचेत, आडवा, पाय आतल्या बाजूला करून. दर वळणानंतर मागे वळून बघायची सवय लाव. उड्या टाळता येतील तिथे टाळ.

हेलिकॉप्टरच्या पाठलागात तुझं चुकतं ते एवढंच, की तू त्याच्यापासून पळतोस. ते वरून बाँब टाकत राहतं आणि तू घाबरून वेग वाढवतोस, मग पहिल्या उडीलाच बाहुला बाहेर. झाडाच्या किंवा शेडच्या आडोशाला थांब. बाँबचा स्फोट होऊ दे, मग निघ, पुढच्या आडोशाला पुन्हा थांब. तब्येत कमी झाली तरी चालेल, बाहुला महत्त्वाचा. पडलाच तर तिथल्या तिथे उतर, उचल, ठेव, सेव्ह कर. पुढे हेलिकॉप्टरशी समोरासमोर लढाई होते, तिथे त्याचेच बाँब ग्रॅव्हिटी गननं त्याच्यावर परत फेकायचे असतात. ती लढाई सुरू होण्याआधी बाहुला भिंतीच्या आत, उघड्यापासून लांब ठेव.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा घरी एकच कॉम्प्युटर होता, ग्राफिक्स कार्ड जेल रोडच्या डॉलर मार्केटमधून घेतलेलं. गुहेतून बाहुला वर आणला आणि वीज गेली. सेव्ह चाळीस मिनिटांपूर्वीचा. आजी शेजारी जपमाळ घेऊन बसायची, तिने विचारलं, “तो टोपीवाला मुलगा हरवला का रे?” मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “मग जा, परत आण त्याला.” वीज आली तशी पुन्हा बसलो. रॉकेट सुटलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, डिसेंबर होता. मित्राला उठवलं आणि दोघांनी सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन गरम गराडू (तळलेला कंद) खाल्ले. आजीला सकाळी सांगितलं, पोहोचला.

आणि खरा बाहुलाही पोहोचला, हे तुला कदाचित ठाऊक नसेल. २० नोव्हेंबर २०२० ला न्यूझीलंडच्या माहियाहून रॉकेट लॅबचं इलेक्ट्रॉन रॉकेट उडालं, त्यात हाच बाहुला होता, १५० मिलीमीटर उंचीचा, टायटॅनियमचा, वेटा वर्कशॉपनं थ्रीडी प्रिंटिंगनं घडवलेला. हा खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या गेब न्यूवेल यांनी, उड्डाण पाहणाऱ्या प्रत्येक प्रेक्षकामागे एक डॉलर ऑकलंडच्या स्टारशिप बालरुग्णालयाला देण्याचं जाहीर केलं होतं. खेळात केलेली एक वेडी मागणी खऱ्या आकाशापर्यंत गेली आणि आजारी मुलांच्या कामी आली. वेळ घालवण्यासारखं काय आहे, असं विचारलंस ना, मला तर हे आठवलं तरी पुरतं.

शेवटची लढाई राहिली. खोऱ्यातली घरं स्ट्रायडरांपासून वाचवायची अचीव्हमेंट बाहुल्याच्या फेरीत जमली नाही तर मनावर घेऊ नकोस, तेवढाच चॅप्टर नंतर वेगळा खेळ. तिथे आधी स्ट्रायडरसोबत येणारे छोटे हंटर मार, मग स्ट्रायडर. हंटर जिवंत असताना मॅग्नसनचं यंत्र (स्ट्रायडरला चिकटवायचा बाँब) फेकलंस तर ते त्याला हवेतच फोडतात. गाडीखाली चिरड, किंवा ओंडके ग्रॅव्हिटी गननं अंगावर सोड. गोळ्यांनी मारत बसलास तर तेवढ्यात दोन घरं जातात. जो स्ट्रायडर घरांच्या सर्वांत जवळ आहे त्याच्याकडे आधी जा, तुझ्या जवळ असलेल्याकडे नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये खेळाला वीस वर्षं झाली तेव्हा मोठा अपडेट आला आणि दोन्ही एपिसोड हाफ-लाइफ २ मध्येच सामील झाले. त्यात बनवणाऱ्यांची टिपणंही ऐकता येतात. ती सगळं झाल्यावर ऐक, वाळू आणि बाहुला स्वतः पार केलेला असला की त्यांचं बोलणं वेगळंच ऐकू येतं.

तुझ्याकडे पाठलागाच्या आधीचा, बाहुला हातात असलेला सेव्ह असेल तर तो पुसू नकोस आणि पहिल्यापासूनही सुरू करू नकोस. आज रात्री तिथूनच बस, गाडी दुसऱ्या कुणाचं बाळ मागे बसलंय अशी चालव. नसेल, तर खोपटात जा, तो तिथेच आहे.