‘खंडित जोडणी’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: ‘इंटरमिटंटली कनेक्टेड, डिले टॉलरंट नेटवर्क’ला मराठीत ‘खंडित जोडणीचे विलंबसह जाळे’ म्हटले तर चालेल का? (म्हणजे ज्यातली उपकरणे अधूनमधूनच एकमेकांशी जोडली जातात आणि निरोप उशिरा पोचला तरी ज्याचे काम अडत नाही, असे जाळे.)

‘खंडित’ला माझा ठाम विरोध आहे. वीजपुरवठा खंडित होतो तेव्हा काहीतरी बिघडलेले असते. इथे बिघाड नसतोच. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या झेब्रानेट प्रकल्पात केनियातल्या झेब्रांच्या गळ्यात नोंदी ठेवणारे इलेक्ट्रॉनिक पट्टे बांधले होते. दोन झेब्रे जवळ आले की पट्टे आपापल्या नोंदींची देवाणघेवाण करत. मग संशोधकांना त्यातला एखादाच झेब्रा गाठता आला तरी इतरांच्याही नोंदी हाती लागत. झेब्रे एरवी पांगलेलेच असणार, हे धरूनच सगळी आखणी केलेली. तेव्हा सरळ ‘अधूनमधून जोडले जाणारे’ म्हणा. आटोपशीर शब्द हवाच असेल तर ‘सविराम जोडणी’.

‘विलंबसह’ची घडण चुकीची नाही; ‘उच्चतापसह’ (उच्च ताप सहन करणारा) आपण वापरतोच. पण घाईत वाचणाऱ्याला तो ‘विलंबासह’ वाटतो आणि अर्थ पार बदलतो. ‘विलंबसहिष्णू’ घ्यावा. (‘ष्णू’ दीर्घ, ‘सहिष्णुता’ लिहिताना मात्र ऱ्हस्व.) हा गुण माणसांचा, यंत्राला कसा लावायचा, हा आक्षेप मला पटत नाही. पिकांच्या वाणांना ‘क्षारसहिष्णू’ म्हणतातच की.

आता ‘राउटिंग’, म्हणजे निरोप कोणाकडून कोणाकडे जाणार हे ठरवणे. ‘मार्गनिर्धारण’ म्हटले की आधी पूर्ण वाट ठरते आणि मग निरोप निघतो, असे चित्र उभे राहते. या जाळ्यांत उगमापासून मुक्कामापर्यंतची अख्खी वाट एका वेळी कधीच जुळून न येण्याची शक्यता असते. निरोप जवळ साठवायचा, वाहून न्यायचा, कोणी भेटले की त्याला द्यायचा की नाही ते तेव्हा ठरवायचे. ‘एपिडेमिक’ पद्धतीत ज्याच्याकडे निरोप नाही अशा प्रत्येकाला प्रत मिळते; ‘स्प्रे अँड वेट’मध्ये प्रतींची संख्या आधीच बांधलेली असते; ‘प्रॉफेट’ पूर्वीच्या गाठीभेटींवरून कोणाची भेट कितपत संभवते याचा अंदाज बांधते. अनुवादाच्या शीर्षकात ‘मार्गनिर्धारण’ राहू द्या, रूढ आहे. क्रियापद मात्र ‘पाठवणे’ नको, ‘सोपवणे’ हवे.

त्याला तांत्रिक आधारही आहे. 2007च्या बंडल प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अशा जाळ्यांतल्या निरोपांच्या नियमावलीत, ‘कस्टडी’ची तरतूद होती: जो ती स्वीकारेल त्याने, दुसरा कोणी स्वीकारेपर्यंत, निरोपाची प्रत जपायची. ‘ताबा’ म्हटले तर वस्तू हातात आली एवढेच कळते. सोपवलेल्या गोष्टीची जबाबदारी घ्यावी लागते. या नियमावलीच्या 2022च्या सातव्या आवृत्तीच्या मूळ दस्तऐवजात ही तरतूद नाही, पण आधीच्या लेखनाचा अनुवाद करताना ‘सोपवणे’ हा शब्द लागेलच.