पिशवीवरचे २० टक्के

प्रश्न : कोंबड्यांची दोन खाद्यं वापरून पाहिली. दोन्ही पिशव्यांवर 'क्रूड प्रोटीन २० टक्के' असंच छापलेलं आहे. एका खाद्यावर पिल्लं झपाट्यानं वाढतात, दुसऱ्यावर खुरटतात. मुलगी पशुविज्ञान शिकते. ती म्हणते, पुस्तकात प्रथिनांचे अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन असे प्रकार आहेत, पण ते परीक्षेपुरते. मग हा फरक कशामुळे?

उत्तर : मुलीला ते प्रकरण पुन्हा वाचायला सांगा, तुमचं उत्तर तिथेच आहे.

आधी हा २० चा आकडा येतो कुठून ते पाहू. प्रयोगशाळेत आम्ही प्रथिनं मोजत नाही, नत्र मोजतो. योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये दिलेली ही पद्धत. चिमूटभर खाद्य तीव्र गंधकाम्लात उकळायला ठेवायचं. ते आधी काळंकुट्ट होतं, फेसाळतं, मग हळूहळू पार निवळतं. तोवर सगळा नत्र अमोनियम सल्फेटच्या रूपात आलेला असतो. त्यात अल्कली घालून अमोनिया बाहेर काढायचा आणि मोजायचा. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ नं गुणायचं. झाले पिशवीवरचे टक्के!

हा नत्र आला कुठून, हे त्या फ्लास्कला कळत नाही. युरियात सुमारे ४६ टक्के नत्र असतो. गुणून पाहा, 'प्रथिनं' २८७ टक्क्यांच्या वर जातात. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत कुत्र्यामांजरांच्या खाद्यात मेलामाइन हे भरपूर नत्र असलेलं औद्योगिक रसायन सापडलं, तेही याच पळवाटेनं आलेलं. मूत्रपिंडं निकामी होऊन मुकी जनावरं दगावली. त्याची चीड मला आजही येते.

भेसळ नसली तरी प्रथिनं-प्रथिनांत फरक असतोच. पाण्यात विरघळणारी अल्ब्युमिन, मिठाच्या पातळ द्रावणात विरघळणारी ग्लोब्युलिन, सौम्य आम्लात किंवा अल्कलीत विरघळणारी ग्लुटेलिन आणि ७०-८० टक्के अल्कोहोलमध्ये विरघळणारी प्रोलामिन, अशी ही वर्गवारी. मक्यातलं झेइन हे प्रोलामिन. टॉमस ऑस्बर्न आणि लाफायेट मेंडेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९१४ च्या सुमारास वाढत्या उंदरांना प्रथिन म्हणून नुसतं झेइन दिलं, तर त्यांचं वजन घटत गेलं. प्रथिनं ज्या छोट्या घटकांची बनतात ती अमिनो आम्लं. त्यांपैकी ट्रिप्टोफॅन घातल्यावर वजन टिकलं आणि सोबत लायसिनही दिलं तेव्हा कुठे उंदीर वाढू लागले. ही दोन अमिनो आम्लं झेइनमध्ये जवळजवळ नसतातच.

दुसरं टोक म्हणजे पिसं. त्यांत क्रूड प्रोटीन ८० टक्क्यांच्या वर भरतं, पण ते सगळं केराटिन. त्याच्या साखळ्या गंधकाच्या पुलांनी एकमेकींना इतक्या घट्ट जखडलेल्या असतात की पाचक रसांना आत शिरताच येत नाही. दाबाखालच्या वाफेनं ते पूल तोडले तर पिसांची भुकटी पचते. तरीही लायसिन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्लं कमी ती कमीच.

उष्णतेचंही तारतम्य हवं. सोयाबीन कच्चं ठेवलं तर त्यातले ट्रिप्सिनरोधक घटक पचन अडवतात, म्हणून ते भाजावंच लागतं. पण पेंड करपली की लायसिन साखरेशी बांधलं जातं आणि कोंबडीला मिळत नाही. नत्राचा आकडा मात्र जवळपास तेवढाच राहतो!

म्हणून विक्रेत्याला लायसिन आणि मेथिओनिनचे टक्के विचारा, घटकांची यादी मागा. पिसांची भुकटी असेल, तर पेप्सिन पचनीयतेचा, म्हणजे पेप्सिन या पाचक द्रव्यानं ती किती पचते याचा अहवालही मागा. हे सांगायला जो तयार नाही, त्याचं खाद्य पिल्लांना घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाई-म्हशींचा हिशेब निराळा. त्यांच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव अमोनियापासून स्वतःची प्रथिनं बनवतात आणि पुढे तीच जनावराला पचतात. त्यामुळे मोठ्या जनावराला तज्ज्ञाच्या सल्ल्यानं, मोजून-मापून थोडा युरिया चालतो. कोंबड्यांना आणि लहान वासरांना मात्र तो अजिबात देऊ नका.