अल्झायमरमध्ये मेंदू ग्लुकोज कमी वापरतो म्हणतात. मग पेशंटला गोड जास्त द्यावं का?

नाही. माझ्या दादानं हेच केलं होतं, म्हणून लिहायला बसले.

आमचं भांडीबाजारात तांब्या-पितळेचं दुकान होतं. बाबा तांब्या नुसता हातात घेऊन वजन सांगायचे आणि काट्यावर जेमतेम दहा-वीस ग्रॅमचा फरक निघायचा. तेच बाबा ६८व्या वर्षी रविवार कारंजावर उभे राहून लोकांना स्वतःच्या घराचा रस्ता विचारू लागले. त्यांना डायबेटिस होता, चहातली साखर मी आदल्याच वर्षी बंद केली होती. निदान झालं तेव्हा दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "तू साखर तोडलीस, त्यांचा मेंदू उपाशी राहिला." मग रोज दोन ग्लास ग्लुकोज पावडरचं पाणी सुरू. पंधरवड्यात उपाशीपोटीची साखर ३००च्या वर!

पेट स्कॅनमध्ये ग्लुकोजसारखं किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात. मेंदूचा जो भाग ते जास्त ओढतो, तो उजळ दिसतो. बाबांच्या मेंदूचा मागचा-वरचा भाग आणि कानांलगतचा भाग फिका होता, स्पर्शाची आणि हालचालीची पट्टी मात्र उजळ. घरचा रस्ता चुकणारा माणूस तांब्याचं वजन अजून बरोबर कसं सांगतो, ते मला त्या दिवशी उलगडलं.

रक्तात साखर भरपूर होती, मेंदूचे ते फिके भाग ती पुरेशी घेत नव्हते. वजनानं शरीराच्या २ टक्के असलेला हा अवयव एरवी २० टक्के ऊर्जा खातो. अल्झायमरमध्ये साखर आत नेणारी ग्लुट-१, ग्लुट-३ ही प्रथिनं घटतात, पेशींमधले जोड तुटतात, म्हणून मागणीही घटते. वरून कितीही साखर ओता, हे भरून येत नाही. शिवाय ही घट विसरणं दिसायच्या कित्येक वर्षं आधी सुरू झालेली असू शकते. वर्षभराच्या बिनसाखरेच्या चहानं ती होत नाही. उलट डायबेटिसनंच या आजाराचा धोका वाढतो.

आधी इंधन घटतं की आधी पेशी खचतात, यावर संशोधकांत वाद आहे. कीटोन, म्हणजे शरीर चरबीपासून बनवतं ते दुसरं इंधन, वापरायची मेंदूची ताकद बरीच टिकते, म्हणून लोक कीटोन वाढावेत या आशेनं खोबरेल तेलाचे चमचे देतात, पण त्यानं आजार थांबल्याचा पुरावा नाही. आणि इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर जेवण चुकवू नका, साखर फार उतरणंही मेंदूला घातकच.

स्कॅनची फिल्म मी दादाला दोनदा दाखवली. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, तरी मामांकडे गेला की तो चहाचीच गोष्ट सांगतो.